युर्गेनचं फूल

तक्ते टेबलावर ठेवून स्नेहलता आगटे उभीच राहिली. प्रोफेसर एकहार्टनी चष्मा पुसला आणि पहिलं पान उलटलं.

क्रीट बेटावरच्या एका रानटी ऑर्किडवर तिचा प्रबंध होता. त्याची खालची पाकळी हुबेहूब मधमाशीच्या पाठीसारखी दिसते. जर्मनीत बॉनला आल्यापासून तीन वर्षांत तिने अशी अठराशे फुलं मोजली होती. त्यांतला एक प्रकार जास्त गडद, काठाला पिवळा. प्रोफेसरांनी तो फार पूर्वी वेगळी जात म्हणून जाहीर केला होता आणि तिला नाव दिलं होतं 'युर्गेनी'. युर्गेन त्यांचा मुलगा. त्रेचाळीस साली क्रीटवर सैनिक असताना त्याने ते फूल वहीत दाबून घरी पाठवलं होतं. पुढच्याच महिन्यात तो गेला.

स्नेहलताचे आकडे सांगत होते, की ही वेगळी जात नाहीच. एकाच टेकडीच्या उतारावर फिक्यापासून गडदपर्यंत सगळ्या छटा सापडत होत्या. मध्ये रेघ ओढायला जागाच नव्हती.

"तेवढा एक तक्ता गाळ," तिला भेटायला बॉनला आलेला मामेभाऊ दिनकर आदल्या दिवशी म्हणाला होता. "डिग्री घे आणि घरी चल. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडतेस?"

तिने तक्ता गाळला नव्हता.

प्रोफेसर शेवटच्या पानापर्यंत गेले, पुन्हा मागे आले.

"आल्झो, म्हणजे असं तर," ते म्हणाले. "खात्री आहे तुमची, फ्रॉइलाइन आगटे?"

"हो," ती म्हणाली. "तीनदा मोजलं. वेगळं निघावं असंच मला वाटत होतं."

ते उठले. कपाटातून त्यांनी एक जुना जाड कागद काढला. त्यावर तपकिरी पडलेलं फूल आणि खाली त्यांच्याच अक्षरात 'युर्गेनी' हे नाव लिहिलेली चिठ्ठी.

"'बाबा, असं फूल मी कुठेच पाहिलं नाही,' असं सोबतच्या पत्रात लिहिलं होतं त्याने," ते म्हणाले. "एकोणीस वर्षांचा होता. कितीशी फुलं पाहिली असणार."

त्यांनी कोरी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. तिने फुलाचं खरं नाव लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली.

जुनी चिठ्ठी काढायची नसते, हा वनस्पतिसंग्रहाचा नियम. प्रोफेसरांनी स्वतः डिंक लावला आणि नवी चिठ्ठी मुलाच्या नावाला लागून, पण त्यावर जराही येणार नाही अशी चिकटवली. मग ती सुकेपर्यंत अंगठा तसाच दाबून धरला.