इरजण

पन्नास अंशांच्या उन्हातही तानूअक्काची बाजरी हिरवीगार उभी होती. जिवाणूंच्या बाटल्या विकणाऱ्या कंपनीच्या तपासनिसाने तिच्या चुलीजवळचं मडकं उचललं.

"वाळवंटी झुडपाच्या मुळांतले, पिकाला उन्हात तगवणारे हे जिवाणू आमच्या मालकीचे आहेत. दर हंगामाला नवी बाटली घ्यायची. घरी वाढवणं गुन्हा आहे."

"म्या कुठं वाढवलं? गुळाच्या पाण्यात इरजण लावलं, ते आपसूक वाढलं."

"मडकं जप्त!"

"न्या की. पर मडकं सासूचं हाय, मोकळं करून परत आणा."

तो जीपपर्यंत पोचतो न पोचतो, तोच अक्का रिकामी वाटी घेऊन गल्लीत उतरली.

"पारू, माझं इरजण सरलं गं. चमचाभर दे."

पारू उठायच्या आतच गल्लीतल्या दारादारातून भरलेली वाटी पुढे आली.