पुतळ्याचं कण्हणं

टेबलावरचा माणूस रबराचा होता, हे डॉक्टर शंभूराजला पक्कं ठाऊक होतं. विट्याहून तो सांगलीला सरावासाठीच आला होता. सोनोग्राफीच्या पडद्यावर पायाची नस शोधायची आणि सौम्य विजेनं दुखणं थोपवणारी बारीक तार सुईतून तिच्या शेजारी नेऊन ठेवायची. पण सुई जरा भलतीकडं गेली आणि पुतळा असा काही कण्हला, की शंभूराजनं सुई झटकन मागं घेतली.

"दुखलं का हो?" त्यानं चक्क पुतळ्याला विचारलं. बाकीचे डॉक्टर खो-खो हसले.

सराव संपल्यावर तो काचेपलीकडच्या खोलीत गेला. तिथं माईकपुढं प्रबुद्ध बसला होता. सुई चुकली की पुतळ्याच्या वतीनं कण्हायचं, हे त्याचं काम.

"अहो, काळजात चर्र झालं माझ्या! इतकं खरं कण्हायला कुठं शिकलात?"

"ते माझं न्हाई सर, आमच्या आण्णांचं हाय. फौजेत हुते. सुरुंगावर पाय गेला, पण त्या गेलेल्या पायाची कळ काय गेली न्हाई."

"फार कण्हायचे?"

प्रबुद्ध माईकची वायर उगीचच गुंडाळत राहिला.

"कळ आली की भिंतीकडं तोंड करून टॉवेल दातात धरायचे. आमा पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून. मरस्तोवर एकदाबी कण्हले न्हाईत, सर. त्यांचं राहिलेलं मी हितं कण्हतो."