सावद्यापर्यंतचं गाणं

"छंद काय तुमचे?" मोनालीनं विचारलं, आणि हीपण हातची गेली असं हितेंद्रनं मनातल्या मनात ठरवून टाकलं.

वरणगावला तिच्या घराच्या गच्चीवर दोघं उभे होते. खाली पोहे झाले, चहा झाला, मग मध्यस्थ कौतिकनाना म्हणाले, "पोरापोरीले बोलू द्या थोडं," आणि दोघांना जिना दाखवण्यात आला. गच्चीभर जुन्या साड्यांवर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत होत्या. पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून दोघं कठड्याला चिकटून उभे राहिले. तेवढ्या जवळिकीनंही हितेंद्रला घाम फुटला होता.

रावेरला केळीची बाग, स्वतःचं घर, वय चौतीस. शेतकरी म्हटलं की मुली फोटोसुद्धा पाहत नव्हत्या. ज्या दोन-चार जणी भेटल्या, त्यांना यानं छंदाचं खरं सांगून स्वतःच्या हातानं घालवलं होतं. आईनं निघताना बजावलं होतं, क्रिकेट सांग.

"गाणी ऐकतो," तो मोघम म्हणाला.

"कसली?"

"इंग्लिश. जुनी." आणि मग जीभ सुटलीच. "लांबलचक असतात. एक गाणं रावेरला गाडीत लावलं की सावद्याला संपतं."

मोनालीनं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि गाणारा मधलं वाघोदा येईपर्यंत तोंड उघडत नाही," ती म्हणाली. "प्रोग्रेसिव्ह रॉक?"

हितेंद्रनं कठडा घट्ट धरला. हे शब्द उभ्या खानदेशात त्यानं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

मग काय विचारता! पोहे, बिबड्या, खाली बसलेली मंडळी, सगळं विसरून दोघं भांडायला लागले. त्याची आवडती पार्टी, म्हणजे बँड, वेगळी, तिची वेगळी. तो म्हणे, माझ्या ऑर्गनवाल्यासारखा होणे नाही. ती म्हणे, माझ्या गिटारवाल्यानं एक सूर लावला की तुमचा ऑर्गनवाला गप्प बसेल. तिनं कठड्यावर बोटांनी सात मात्रांचा ठेका धरला, यानं तो न चुकता उचलला.

"पण तुमचा ऑर्गनवाला आणि माझा गिटारवाला, दोघं लहानपणी चर्चमध्ये एकच संगीत ऐकत वाढले," ती म्हणाली. "मुलाखती वाचल्यात मी. दोघंही एकाच म्हाताऱ्या संगीतकाराचं नाव घेतात."

"म्हणजे आपल्या दोन्ही पार्ट्या एकाच घराण्यातल्या निघाल्या."

"मग सोयरीक कशी व्हायची?" मोनाली म्हणाली, आणि खळखळून हसली. तोही हसला. खाली बेबाबाईला, म्हणजे हितेंद्रच्या आईला, ते हसणं ऐकू गेलं आणि तिनं मनातल्या मनात देवापुढे नारळ फोडला.

वर मात्र मोनालीचं हसू तिथंच थांबलं.

"माझं ठरलंय," ती म्हणाली. "मागच्याच आठवड्यात. अजून बाहेर कुणाला सांगितलं नाही. धुळ्याचा आहे, बँकेत."

हितेंद्रला आधी नीट कळलंच नाही. "मग आम्हाला कशाला बोलावलं?"

"नानांना नाही कसं म्हणणार? माझी बहीण त्यांच्या घरात दिलीये. नकार आमच्याकडून गेला तर तिला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल." ती बिबड्यांकडे बघत होती. "दुसरं कोणी असतं तर मी बोललेच नसते. तुमच्याकडून नकार गेला तर..."



चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं कुणालाच नकार दिला नव्हता. तशी पाळीच आली नव्हती. आज दिला तर नाना पुन्हा दारात उभे राहणार नाहीत, आणि नाना नाहीत म्हटल्यावर दुसरं कोणी येणार नाही. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तिलाही ठाऊक असावं, कारण ती वर बघत नव्हती.

"धुळ्याचा तो... ऐकतो का?" त्यानं विचारलं.

"त्याला पंख्याचा आवाजसुद्धा सहन होत नाही."

"मग?"

"बँकेत आहे," ती पुन्हा म्हणाली.

खालून हाका आल्या. जिन्याशी ती क्षणभर रेंगाळली. हितेंद्रनं हळूच मान डोलावली. तिनं पदर सावरला आणि पुढे झाली.

परतीच्या वाटेवर बेबाबाई गाडीत नुसती फुलून गेली होती. फैजपूर यायच्या आतच तिनं मांडव कुठं घालायचा ते ठरवलं. गाडी चालवणाऱ्या नानांनी आरशातून विचारलं, "काय रे, पसंत ना मंग?"

"नही," हितेंद्र म्हणाला.

बेबाबाईचा चेहरा पांढरा पडला. नानांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं.

"आरे, तुले पसंत नही? तुले?" नाना कडाडले. "वर तं चांगले खिदळत व्हते दोघं! खोट काय हाये पोरीत? शिकेल हाये, गोरीगोमटी हाये. आता मी काय तोंड दाखवू तिच्या बापाले? पुन्हा मले सोयरीक पाहाले सांगू नको म्हनजे झालं!"

"बोल ना रे बापा," बेबाबाई रडकुंडीला आली. "कायतरी बोल."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. सावदा गेलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या. नाना बोलत होते, आई डोळे पुसत होती.

वाघोदा आलं, तेव्हा हितेंद्रनं तोंड उघडलं.

"तिले गाण्यातलं काही समजत नही."