दोन काटे

"यातला बिघाड सापडला, तरच उद्यापासून गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावायचा," गॅरेजवाल्या सासूबाईंनी सुनेला बजावलं आणि स्वतःचीच गाडी पुढे केली. टाकी भरलेली, पण पेट्रोलचा काटा पार तळाला. सुनेने टाकीवरची निघालेली वायर जोडली, तसा काटा वर आला. सासूबाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"थांबा हो आई, दिवे लावून बघते."

दिवे लागताच पेट्रोलचा काटा थरथरला, शेजारचा तापमानाचाही.

"दोघं एकदम खोटं बोलतायत, म्हणजे दोघांची सामाईक अर्थिंगच खराब." तिने अर्थिंगच्या वायरीचं गंजलेलं टोक घासून घट्ट बसवलं. काटे गुमान उभे राहिले.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. सासूबाई ऐटीत म्हणाल्या, "गाडी सूनबाईंकडे द्या. मी काढून ठेवली होती एकच वायर. दुसरा बिघाड मलाही ठाऊक नव्हता!"