मध्यंतरापर्यंतची आई

"हंसाबाई, एका टेकमध्ये मरा हं. कच्ची फिल्म एवढीच उरलीय, नवा कोटा पुढच्या महिन्यात," दिग्दर्शक तात्यांनी बजावलं.

"बघते," खाटेवरून हंसाबाई म्हणाल्या. वय सव्वीस, केसांना पांढरी पावडर, उशाशी त्रेचाळीस वर्षांचा मुलगा. हा नायक अकरा चित्रपटांत त्यांच्या पोटी जन्मला होता आणि अकराही वेळा मध्यंतराआधी त्यांना अग्नी देऊन नायिकेबरोबर बागेत गाणी म्हणायला मोकळा झाला होता. हंसाबाई मात्र आज घरूनच ठरवून आल्या होत्या. काही झालं तरी मरायचं नाही.

कॅमेरा सुरू झाला. नायकाने हंबरडा फोडला, "आई, मला सोडून जाऊ नकोस गं!"

"बरं," म्हणत हंसाबाई उठून बसल्या. "एवढं म्हणतोस तर राहते. घरात काही खायला आहे का?"

नायक मूळचा नाटकातला. समोरचा काहीही बोलला तरी प्रयोग थांबवायचा नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. "भाकरी आहे, आई," असं म्हणून तो लगबगीने आत गेला आणि चक्क भाकरी शोधू लागला. तेवढ्यात फिल्म संपली.

तात्या मटकन खाली बसले. "अहो, काय केलंत हे! पुढच्या आठ रिळांत मी तुमचं करू काय?"

हंसाबाईंनी पदराने केसांची पावडर झटकली.

"सोपं आहे, तात्या. पोराचं लग्न होणार, म्हणजे मला सून येणार. घ्या लिहून."