खिशातली किल्ली

मक्याची धसकटं बारीक करणाऱ्या यंत्रात सुतळी गुंतली, तेव्हा ग्रेथेने नेहमीप्रमाणे ट्रॅक्टर बंद केला, किल्ली खिशात टाकली आणि ती यंत्राखाली शिरली. सुतळी जेमतेम सुटतेय, तोच ट्रॅक्टर सुरू झाला. पाती फिरायच्या आत ती कशीबशी बाहेर लोळली.

ट्रॅक्टरवर शेजारचा लाउरित्स होता. तिला बघून तो पांढराफटक पडला.

"वहिनी, मला वाटलं तुम्ही कॉफीला घरी गेलात. वाट अडली होती, म्हणून बाजूला घेत होतो."

"किल्ली खिशात आहे म्हणून मी निर्धास्त खाली शिरले होते."

"मी माझी लावली. एकाच कंपनीचे ट्रॅक्टर, सगळ्यांना एकच किल्ली लागते, माहीत आहे ना तुम्हाला." तो उतरून चिखलातच बसला. "परवा तुम्ही नाही का तुमची किल्ली लावून माझा ट्रॅक्टर बाजूला घेतलात? मी नुकताच यंत्राखालून निघालो होतो. किल्ली माझ्याही खिशातच होती."