जुन्याचं काय होतं?

अपूर्व भोकरदनला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचा. सिक्युरिटी अपडेट आला की त्याचं जेवणही लॅपटॉपसमोरच व्हायचं. एकदा ताट ठेवता ठेवता त्याच्या बायकोनं, गंधालीनं, विचारलं, "एवढं काय दुरुस्त करून राह्यले तुम्ही?"

"दुरुस्त न्हाई गं करत. आमचं ॲप कंटेनरमधी चालतं, म्हंजे सर्व्हरवरच्या छोट्या छोट्या डब्यांत समज. एखाद्यात खोट निघाली की तो सरळ उडवायचा आन् त्याच जागी नवीन चालू करायचा. नाव तेवढं तेच ठेवायचं. मंग कुणाचं काही अडत न्हाई."

"आन् जुन्याचं काय होतं?"

"जुन्याला कोण विचारतं?" तो हसला. तीही हसली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात, चारचौघींसमोर, तिला पहिली फिट आली. गोळ्या बराबर घेतल्या तर काहीच अडचण नाही, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "थोडे दिवस माहेरी आराम कर."

ती गेली, अन् पाठोपाठ माहेरी, हसनाबादला, सोडचिठ्ठीचे कागद आले. तिनं सही केली. आई तिला पुन्हा माहेरच्या नावानं, रेणुका म्हणून, हाक मारू लागली.

पुढच्या वर्षी राजूरला अपूर्वचं दुसरं लग्न लागलं. नणंदेच्या स्टेटसवर रेणुकानं व्हिडिओ पाहिला. नव्या नवरीपुढं तांदळाचं ताट आलं. नाव लिहायला गुरुजींनी अपूर्वच्या हातात अंगठी दिली.

 

त्यानं क्षणभरही न थांबता तांदळात लिहिलं, 'गंधाली'.